शोपँचे 'मिनिट वॉल्ट्झ' वाजवताना

डी फ्लॅट मेजर या स्वरसप्तकातील, पोलिश संगीतकार शोपँचे हे पियानोवरील वॉल्ट्झ (तीन मात्रांचे नृत्यसंगीत; ओपस म्हणजे रचनासंग्रह ६४, क्रमांक १) १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते काउंटेस डेल्फिना पोतोत्स्का यांना अर्पण केलेले आहे. 'मिनिट' हे टोपणनाव शोपँने दिलेले नाही. त्याचा रोख साठ सेकंदांवर नसून 'छोटेसे' या अर्थाकडे आहे, असे सामान्यतः मानले जाते. घड्याळ लावून बसणाऱ्यास मिनिटाला चारशेहून अधिक मात्रा वाजवाव्या लागतील आणि त्या गतीत नृत्याचा मागमूसही उरणार नाही. स्वरलिपीच्या माथ्यावरील 'मोल्तो व्हिवाचे' (अतिशय चैतन्याने) ही सूचना चैतन्य मागते, आणि या रचनेत ते चैतन्य डाव्या हातातून येते.

म्हणून सरावाची सुरुवात डाव्या हातापासूनच करावी. पहिल्या मात्रेवरचा खालचा स्वर किंचित वजनाने, तर दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेवरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बोटे पट्टीजवळ ठेवून हलकेच वाजवावेत. हे तिन्ही आघात सारख्याच जोराचे झाले, तर वॉल्ट्झची कवायत होते. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, असे शोपँ आपल्या शिष्यांना सांगत असे. उजव्या हाताने थोडे रेंगाळावे किंवा पुढे सरकावे, परंतु डाव्या हाताने ताल सोडू नये, हा रुबातोचा (लय लवचीक ठेवण्याच्या पद्धतीचा) नियम येथे कसोशीने पाळावा.

आरंभीचे चार बार (तीन-तीन मात्रांची आवर्तने) उजवा हात एकटाच वाजवतो आणि बहुतेकांची चूक येथेच होते. छोट्या ट्रिलनंतर (लगतच्या दोन स्वरांच्या जलद आलटापालटीनंतर) चार स्वरांचा एक गट गरगरत राहतो. प्रत्येक बारमध्ये मात्र असे सहा स्वर मावत असल्याने गटाची सुरुवात दर वेळी वेगळ्या मात्रेवर येते. प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वरावर जोर दिल्यास ऐकणाऱ्याला तीन मात्रांचा ताल हरवल्यासारखा वाटतो. मनात तीन मात्रा मोजत, कुठेही टोचणारा आघात न करता, एका श्वासात हा भाग वाजवावा. या स्वरसप्तकात पाचही काळ्या पट्ट्या येतात, त्यामुळे लांब बोटे त्यांच्यावर सहज विसावतात (पाने पाहून घाबरणाऱ्यास हे सहसा कोणी सांगत नाही). मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) प्रथम मात्रेला ८० च्या आसपास ठेवून वाजवावे आणि हाताचा स्नायू ताठ होताच गती उतरवावी.

मधल्या भागातील 'सोस्तेनुतो' (स्वर धरून ठेवण्याची सूचना) म्हणजे संथपणा नव्हे. स्वर लांबतात, सूर गाऊ लागतो. पण नर्तक थांबलेले नाहीत, त्यामुळे लय थोडीशीच सैल करावी. हा सूर पुन्हा येतो तेव्हा त्यावर उंच ए फ्लॅटचे क्षणिक स्वर लुकलुकतात. ते मूळ सुरापेक्षा मोठे होऊ देऊ नयेत.

पेडल (स्वर रेंगाळत ठेवणारी पायपट्टी) साधारणपणे बारच्या सुरुवातीला घेऊन शेवटच्या मात्रेआधी सोडावे. आरंभीच्या एकट्या हातास ते न घेतलेलेच बरे. मूळ धून परतण्यापूर्वीचा लांब ट्रिल शांतपणे सुरू करून हळूहळू फुलवावा आणि धून पकडताना गती एकदम वाढवू नये. अखेरीस वरच्या सप्तकातून खाली ओघळणारी स्वरमाला कितीही जलद असली, तरी तिचा वेग आधीच्या मात्रांनी ठरवलेला असावा, म्हणून शिखरावरचा स्वर घाई न करता पूर्ण वाजवून मगच उतरावे.