हवाई अंतरावरून प्रवासाच्या वेळेचा अंदाज

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. विमान शक्यतो पृथ्वीच्या गोलाईवरील सर्वांत जवळच्या मार्गाने जाते आणि तो मार्ग नकाशावर वाकडा दिसतो. किलोमीटरमधील या अंतराला ८५० ने (विमानाचा साधारण ताशी वेग, किलोमीटरमध्ये) भागावे आणि विमानाच्या आकाशात चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत सुमारे ५,५४० किलोमीटर, म्हणजे साधारण ७ तास. प्रत्यक्षात मात्र जाताना समोरून येणाऱ्या जेट प्रवाहामुळे (खूप उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे) बहुधा याहून अधिक वेळ लागतो, तर परतताना तोच वारा पाठीशी असल्याने विमान लवकर पोहोचते. तिकिटावरील वेळा ज्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोन्ही ठिकाणांच्या घड्याळांत फरक असेल तर त्यांची थेट वजाबाकी केल्यास उत्तर हमखास चुकते, म्हणून दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आणाव्यात.