पोस्टग्रेस १५ मध्ये टेबल बनत नाही: 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ॲपसाठी नवा डेटाबेस, नवा युजर (नाव ॲपयुजर). मायग्रेशन (टेबलं बनवणारी स्क्रिप्ट) चालवलं की पहिल्याच क्रिएट टेबलवर वरची एरर. १४ वर तीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालते. ग्रँट ऑल ऑन डेटाबेस (डेटाबेसवरचे सगळे हक्क देणारी कमांड) देऊन पाहिलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, पासवर्ड बदलला. ढिम्म फरक नाही. अख्खी संध्याकाळ गेली, डोकं उठलं.

कारण: २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून पब्लिक स्कीमात (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा कप्पा) टेबल बनवायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही. डेटाबेसवरच्या ग्रँटने तो मिळत नाही, कारण स्कीमाचे हक्क वेगळे असतात. बदल सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. जुना डेटाबेस अपग्रेड केला किंवा डंपमधून (बॅकअप फाइलमधून) रिस्टोर केला तर जुने हक्क टिकतात, म्हणून तिथे हे दिसत नाही.

चाललं ते असं. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं टूल) सुपरयुजर, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, म्हणून शिरा. आधी बॅकस्लॅश सी देऊन ॲपच्याच डेटाबेसमध्ये जा. स्कीमावरचं ग्रँट फक्त चालू डेटाबेसला लागतं, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये बसून दिलं तर वाया. मग:

ग्रँट क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक टू ॲपयुजर;

बॅकस्लॅश डीएन प्लसने हक्क तपासा, मायग्रेशन पुन्हा चालवा. डेटाबेस त्या एकाच ॲपचा असेल तर ग्रँटऐवजी अल्टर डेटाबेसने मालकी ॲपयुजरकडे द्या. मला तेच जास्त पटलं.