चैत्रपालवी टिपताना

फाल्गुन सरता सरता पिंपळाला फुटणारी तांबूस, तुकतुकीत पालवी जेमतेम काही दिवसच त्या रंगात राहते आणि मग हिरवी होते. म्हणून रोजच्या फेरीच्या वाटेवरचे एकच झाड निवडून, रोज त्याच जागी उभे राहून, त्याच वेळी एक छायाचित्र घ्यावे. सकाळी सात ते आठ ही वेळ उत्तम. सूर्य पाठीशी न ठेवता पानांच्या पलीकडे राहील असे उभे राहिल्यास प्रकाश पानातून आरपार येतो आणि शिरांची जाळी स्पष्ट दिसते. मोबाइलच्या पडद्यावर पानावर बोट टेकवून उजळपणा किंचित कमी केला, तर रंग फिका पडत नाही. झूम वापरण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे केव्हाही चांगले. पळस आणि पांगारा यांच्या फुलांकडे लक्ष आपोआप जाते. परंतु करंजाची कोवळी पोपटी पाने, झाडाखाली पडलेला कडुनिंबाच्या फुलांचा बारीक सडा, किंवा अंगणात वाळत घातलेल्या कुरडया यांच्याजवळ मुद्दाम थांबावे लागते. कुरडयांचे छायाचित्र घेण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, हे ओघाने आलेच.