पिस्तूल बाळगताना: जादा मॅगझिन, खिसे आणि बॅग यांतल्या या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात मुंबईला जायची बॅग भरत होते. जुन्या पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात सहज हात घातला आणि बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. नऊ मिलिमीटरचं जिवंत काडतूस! हीच पिशवी मी पूर्वी फायरिंग रेंजवर नेत असे.

टेक्सासमध्ये मी परवाना काढून पिस्तूल बाळगते. नवीन पिस्तूल घेतलेल्या मराठी मैत्रिणी पहिल्यांदा विचारतात, "अगं, जादा गोळ्या किती ठेवायच्या?" मी म्हणते, आधी कुठे ठेवणार ते सांग. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका जागेच्या आहेत: वस्तू चुकीच्या खिशात, चुकीच्या पिशवीत, नाहीतर चुकीच्या इमारतीत.

आधी व्हिसा बघा

एच-१बी (नोकरीचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक तर सोडाच, एक सुटं काडतूसही जवळ ठेवू देत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. आपल्याकडे मात्र एकाला ग्रीन कार्ड मिळालंय आणि दुसरा अजून व्हिसावर आहे, अशी घरं असतात. तिथे पिस्तुलाच्या तिजोरीचा कोड कोणाकोणाला माहीत आहे, हासुद्धा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो.

पर्समधलं पिस्तूल

ही चूक मी स्वतः वर्षभर केली. साडीला, कुर्त्याला पट्टा नसतो, म्हणून पिस्तूल पर्समध्ये. पर्स खुर्चीच्या पाठीला, दुकानातल्या ढकलगाडीत, मैत्रिणीच्या पलंगावर. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी दुकानात खरेदी करणाऱ्या एका आईच्या पर्समध्ये तिच्या दोन वर्षांच्या मुलाने हात घातला, गोळी सुटली आणि ती गेली. ती पर्स खास पिस्तुलासाठीच्या कप्प्याची, चेन असलेली होती. हे वाचलं त्या आठवड्यात मी पर्स सोडली.

पिस्तूल अंगावरच हवं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं हवं, आणि पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये. कापडी, ढिलं होल्स्टर स्वस्तात मिळतं. ते घेऊ नका. पट्टाही जाड लागतो, साध्या पट्ट्यावर वजन लोंबकळतं आणि दिवसभर हात तिकडेच जातो. कुर्त्याखाली पोटाला बांधायचा रुंद पट्टा चालतो, पण त्यात चापावर कडक कवच आहे का ते बघून घ्या. छोटं पिस्तूल खिशात ठेवणारेही आहेत. त्यांनी खिशाचं वेगळं होल्स्टर घ्यावं आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी, लिपस्टिक, काहीही ठेवू नये. किल्ली चापाच्या कड्यात अडकायला वेळ लागत नाही.

जादा मॅगझिन कशासाठी

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी. लोकांना वाटतं, जादा मॅगझिन गोळ्या संपतील म्हणून. खरं कारण वेगळं आहे. सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप आत घेणारं) पिस्तूल अडकतं तेव्हा दोष पुष्कळदा मॅगझिनचा असतो: स्प्रिंग थकलेली, काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा वाकलेल्या, आत कापसाचा भुगा. दोन काडतुसं एकदम आत शिरू पाहतात तेव्हा आधी ते मॅगझिनच ओढून काढावं लागतं. पुढे काही करायचं तर दुसरं हाताशी हवं. म्हणून माझ्या मते एक जादा मॅगझिन पुरे. तीन-तीन बाळगणाऱ्यांच्या कमरेवरचं वजन महिनाभरात कंटाळा आणतं आणि मग एक दिवस सगळंच घरी राहतं.

ते पर्सच्या तळाशी टाकू नका. उजव्या हाताने नेम धरत असाल तर डाव्या कुशीला, बंद पाऊचमध्ये, काडतुसांची टोकं पुढे करून ठेवा, म्हणजे न बघता हात बरोबर पडतो. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाका. रेंजवर जे अडकेल ते सरावापुरतंच, कमरेला नाही.

काडतुसांच्या बाबतीत एक चूक सगळ्यांत लपलेली असते. रोज रात्री पिस्तूल रिकामं करायचं आणि सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा आत सरकवायचं. दर वेळी त्याच्या टोकावर धक्का बसतो, शिशाची गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत मागे ढकलली जाते आणि झाडताना आतला दाब धोक्याइतका वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर ते वापरू नका. सरावाला धातूने पूर्ण मढवलेली गोळी चालते. बाळगायला पोकळ टोकाची, कारण ती लक्ष्याच्या पार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी. पण पोकळ टोकाची तुमच्या पिस्तुलात न अडकता चालते का, हे रेंजवर तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. आणि ९ मिमी व .३८० या दोन वेगळ्या मापांची काडतुसं सारखी दिसतात, बुडावरचा शिक्का वाचा.

राज्य बदललं की कायदा बदलतो

टेक्सासमध्ये मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा नाही. कोलोरॅडोत ती १५ काडतुसांची, तर कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत १०ची आहे. या तिन्ही ठिकाणी टेक्सासचा परवाना चालत नाही, आणि न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या काडतुसांवर वेगळे निर्बंध आहेत. थँक्सगिव्हिंगला भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीने निघालात तर हे सगळं घरीच ठेवा.

आपल्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव कित्येकदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात असतो. रविवार असला, मुलं शाळेची नसली, तरी ती शाळाच. परवाना असला तरी टेक्सासमध्ये त्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. आरतीच्या गडबडीत विसरायला होतं, म्हणून त्या दिवशी मी घरातून निघतानाच पिस्तूल तिजोरीत बंद करते.

रोज खरोखर लागणाऱ्या वस्तू

हातातली टॉर्च. पिस्तुलाला जोडलेल्या दिव्याने काही शोधायला गेलात तर पिस्तुलाची नळीही तिकडेच रोखली जाते. मिरचीचा फवारा, कारण बहुतेक प्रसंग आवाज चढवणे आणि गोळी झाडणे यांच्या मधले असतात. आणि टूर्निकेट, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवायला पिळून आवळायचा पट्टा. गोळीपेक्षा गाडीचा अपघात बघण्याची वेळ आपल्यावर जास्त येते. नकली टूर्निकेट ऑनलाइन ढिगाने मिळतात, त्यांचा दांडा पिळताना मोडतो. म्हणून ओळखीच्या वैद्यकीय विक्रेत्याकडूनच घ्या. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. 'स्टॉप द ब्लीड' हा रक्तस्राव थांबवायला शिकवणारा छोटा वर्ग मी नवऱ्यालाही करायला लावला.

विमानतळ

२०२३ साली अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त भरलेल्या होत्या. भारतात तर एका काडतुसालाही शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात मांडलं आणि त्या आधारावर विसरून राहिलेल्या काडतुसाची प्रकरणं रद्दही झाली आहेत. पण ते नंतर, वकील करून. आधी विमान चुकतं आणि गुन्हा नोंदवला जातो.

आता रेंजची पिशवी लाल रंगाची, वेगळी आहे. ती विमानात जात नाही. त्या दिवशी मी काडतूस डब्यात ठेवलं आणि जुनी पिशवी गच्चीवर नेऊन उलटी करून झटकली. अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतून आणखी एक पितळी पुंगळी टणकन खाली पडली.