बायबॅकची कॅरम स्पर्धा ठेवताय? आधी एवढं ठरवून घ्या

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेला 37 नावं आली आणि आम्ही पुस्तकी हिशेब केला. 16, 32, 64 या साखळीत 37च्या पुढचा आकडा 64, म्हणून 27 जणांना बाय, म्हणजे न खेळताच थेट दुसरी फेरी, आणि पहिल्या फेरीत जेमतेम 5 सामने. साध्या बाद पद्धतीला यात काही चूक नाही. पण आम्ही बायबॅक ठेवला होता. पहिल्या फेरीत हरलेल्याने पुन्हा फी भरायची आणि परत खेळायला यायचं. आता पहिल्या फेरीत हरणारे पाचच! ज्यांना बाय मिळाला ते आपला पहिलाच सामना दुसऱ्या फेरीत खेळले, त्यातले बरेच हरले आणि टेबलाशी येऊन विचारू लागले, "आम्हाला का नाही बायबॅक?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही ठरवा की पहिल्या फेरीत सगळे खेळतील. नावं विषम झाली तर बाय देण्याऐवजी एक राखीव नाव हाताशी ठेवा, शेजारच्या बिल्डिंगमधला कुणीतरी असतोच. समजा 38 झाले. मग 19 सामने, 19 विजेते, 19 पराभूत. दुसरी फेरी 32 जणांची करायची तर 13 जागा उरतात, आणि बायबॅकची मर्यादा तेवढीच. हा आकडा प्रवेश बंद झाल्या रात्रीच काढून फळ्यावर लिहा, कारण तो नावांच्या संख्येवर फार हलतो. 30 नावं असतील तर विजेते 15, मग 16 भरायला एकच जागा मिळते. अशा वेळी 16चा हट्ट सोडून पंधराही पराभूतांना दार उघडावं आणि 32च्या तक्त्यात दोन बाय द्यावेत.

यामुळेच अंतिम सामन्यापर्यंतची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, पहिल्या सकाळी छापून चिकटवू नका. सकाळी फक्त पहिल्या फेरीच्या जोड्या लावा. गेल्या वर्षीच्या चार उपांत्य फेरीवाल्यांना मानांकन द्यायचं असेल तर ते एकमेकांसमोर येणार नाहीत एवढं बघा, बाकीच्यांचे लॉट्स पाडा. खरी सोडत दुपारी.

त्या दुपारच्या सोडतीचे नियम मात्र आदल्या दिवशीच लेखी हवेत. दोन स्टीलचे डबे घ्या. एकात विजेत्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात बायबॅकवाल्यांच्या. प्रत्येक बायबॅकवाल्यासमोर एक विजेता काढायचा, म्हणजे तेराही जागा भरल्या तर असे 13 सामने आणि उरलेल्या सहा विजेत्यांचे आपसात 3. सकाळी एकमेकांशी खेळलेली जोडी पुन्हा निघाली तर चिठ्ठी परत डब्यात. बायबॅकला नऊच जण आले तर 28 नावं होतात आणि चार बाय निघतात. ते चारही विजेत्यांनाच, पैसे भरून आलेल्याला बाय नाही. मानांकित खेळाडू पहिल्या फेरीत हरला तर परत येताना त्याचं मानांकन संपलं. यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला, पण मला हा नियम अजूनही योग्यच वाटतो.

जागा 13 आणि इच्छुक 16 असतील तर? 'आधी येईल त्याला' हा नियम ऐकायला सोपा आहे, पण तो नऊ वाजता हरलेल्याच्या सोयीचा. बाराला हरणाऱ्याला दार बंद झालेलं दिसतं. गुणांच्या फरकावर द्यावं असं आमचे पंच सुचवत होते. कागदावर छान, पण मग हरणारा समोरच्या मित्राकडे एखाद्या बोर्डाची, म्हणजे एका डावाची, भीक मागतो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. हरल्यावर 15 मिनिटांत फक्त नाव नोंदवायचं, पैसे चिठ्ठी निघाल्यावरच घ्यायचे. नाहीतर यूपीआयवरून आलेले पैसे परत पाठवत बसावं लागतं. जो उशिरा आल्यामुळे समोरच्याला पुढे चाल मिळून बाद झाला, त्याला बायबॅक नाही. तो हरलेलाच नाही, तो आलेला नाही.

काही जण म्हणतात की दुसरी संधी फुकटच असावी, कुस्तीतल्या रेपेचाजसारखी. सुशील कुमारचं 2008चं आणि साक्षी मलिकचं 2016चं ऑलिंपिक कांस्य त्याच वाटेने आलं. पण तिथे तुम्हाला हरवणारा अंतिम फेरीत पोचला तरच तुमचं दार उघडतं. आपल्याकडे ते खिशावर उघडतं, हे मान्य करून टाकावं. आणि सगळ्यांना फुकट दोन संधी द्यायच्या, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद करायचं, तर 38 जणांचे 74 किंवा 75 सामने होतात. बायबॅकच्या तेराही जागा भरल्या तरी ते 50च. एकूण प्रवेशांतून एक वजा, एवढाच हिशेब आहे.

आता वेळ. आमच्याकडे चार बोर्ड. नेहमीचा नियम एका गेमला 25 गुण किंवा 8 बोर्ड (म्हणजे डाव), जे आधी होईल ते. बरोबरी झाली तर जादा बोर्ड. पहिल्या दोन फेऱ्या एकाच गेमच्या ठेवल्या तर सामन्याला 40 मिनिटं धरा. 19 सामने म्हणजे पाच पाळ्या, नऊला सुरू केलं तर 12:20. नावनोंदणी मिटवून सोडत पाऊणला, जेवण, आणि दीडला दुसरी फेरी, चार पाळ्यांत 4:10. यात एक तास घसरणार हे धरूनच हॉल सहापर्यंत मागा. सामन्यांच्या नक्की वेळा छापू नका, पाळीच्या छापा. बोर्ड रिकामा झाला की पुढची जोडी बसेल, फक्त कुणालाही त्याच्या पाळीच्या वेळेआधी बसवायचं नाही. सकाळच्या शेवटच्या पाळीतले दुपारच्या पहिल्या पाळीत नकोत, त्यांना जेवू द्या. सोळा जणांपासून पुढचं दुसऱ्या दिवशी, आणि उपांत्यपूर्व फेरीपासून तीन गेम. तिथे पाळीला दीड तास लागतो.

बक्षिसाची रक्कम मूळ प्रवेश फीवरच जाहीर करा. बायबॅकचे पैसे किती येतील ते दुपारपर्यंत कळत नाही. आम्ही ते आधीच मोजून बसलो होतो आणि ट्रॉफीवाल्याचे पैसे वर्गणीतून द्यावे लागले.

राहिलं किरकोळ: पावडर, दोन जादा स्ट्रायकर, प्रत्येक बोर्डावरचा दिवा आदल्या रात्री लावून बघणं, हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते विचारणं. आणि चिठ्ठ्या काढायला सोसायटीतलं एखादं लहान पोर ठरवून ठेवा. फक्त ते दुपारी झोपणारं नको.