क्रीडा समालोचक व्हायचंय? शिकताना या चुका टाळा

२०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर १२ भाषांत दाखवली गेली आणि त्यात मराठीही होती. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा, कबड्डीचे सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात. साहजिकच ‘समालोचन शिकायचंय, कुठला कोर्स करू?’ असं विचारणारी मुलं वाढली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेक जण आधी आवाज कमवायला लागतात आणि खेळ बारकाईने पाहण्याचा सराव मागे पडतो. पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

विशेषणांचा मारा

नवख्याचं रेकॉर्डिंग ऐका: “काय चढाई! जबरदस्त! अप्रतिम! आणि… बाद!” कोण बाद, कुणी पकडलं, गुण किती, काहीच कळत नाही. आता हीच चढाई अशी सांगून पाहा: “आधीच्या दोन चढाया रिकाम्या, त्यामुळे ही करो या मरो. समोर पाचच जण, म्हणजे बोनस नाही. डाव्या कोपऱ्याकडे सरकला, हात लांबवला, कोपरारक्षकाने घोटा धरला! मध्यरेषा हातभर लांब, आणि बाकीचे अंगावर. चढाईपटू बाद. अठरा-सोळा, चार मिनिटं बाकी.” आवाज फारसा न चढवताही यात थरार आहे, कारण माहिती आहे.

सरावासाठी जवळच्या मैदानावर जा, दहा मिनिटं मोबाइलवर बोला आणि सामना न पाहिलेल्या माणसाला ऐकवा. मग त्याला गुणफलक विचारा. सांगता आला नाही, तर तुमचं काम अपुरं राहिलं. ही पद्धत जुनीच आहे. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीने लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावरून इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचं रेडिओ समालोचन केलं, तेव्हा समालोचक टेडी वेकलम यांच्यासमोर एका अंध माणसाला बसवलं होतं, त्याला सांगतोय असं समजून बोलता यावं म्हणून. अमेरिकेतले बेसबॉल समालोचक रेड बार्बर तर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचे. वाळू सरली की गुणफलक सांगायचा. तुम्ही मोबाइलवर गजर लावा.

रेडिओचं बोलणं टीव्हीवर

चित्र समोर असताना “चेंडू सीमारेषेकडे चाललाय, चाललाय…” म्हणण्याची गरज नसते. तिथे क्षेत्ररक्षक का हलवला, गोलंदाजाने वेग कुठे कमी केला, हे सांगा किंवा गप्प राहा. गप्प राहणं सर्वांत उशिरा जमतं. ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू रिची बेनॉ यांनी १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, स्वतः खेळत असतानाच, बीबीसीत प्रशिक्षण घेतलं होतं. पुढे चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं, ही त्यांची ओळख झाली. खेळलो आहे म्हणजे बोलता येईलच, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उलट बाजूही आहे. तज्ज्ञाची खुर्ची बहुधा खेळाडूलाच मिळते. मराठी समालोचन करत असलेल्या केदार जाधवला मे २०२३ मध्ये बेंगळुरूच्या संघाने थेट खेळायलाच बोलावलं! मोठ्या पातळीवर न खेळलेल्याने मुख्य समालोचकाची किंवा सूत्रसंचालकाची तयारी करावी. हर्षा भोगले केमिकल इंजिनीअर, पुढे आयआयएम अहमदाबाद, पण माइकशी ओळख हैदराबाद आकाशवाणीवर एकोणिसाव्या वर्षी झाली.

हेडफोनमधला दुसरा आवाज

याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही. तुम्ही बोलत असता तेव्हाच निर्माता कानात सांगतो: रिप्ले येतोय, जाहिरातीला दहा सेकंद. नवखा वाक्य अर्धवट सोडतो किंवा थेट प्रक्षेपणातच निर्मात्याला “हो” म्हणून बसतो. घरी टीव्ही म्यूट करा, मित्राला फोनवरून कानात उलटे आकडे मोजायला सांगा आणि शून्याला तुमचं वाक्य पूर्ण झालं पाहिजे असं ठरवा. पहिले काही दिवस जीभ अडखळेल. नेटाने करत राहा.

प्रमाणपत्रावर भिस्त

भरमसाट फी भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष माइकवर किती तास मिळतील? शिकवणाऱ्याने थेट सामने केलेत का? आधीची मुलं आज कुठे बोलतात? उत्तर गोलमोल असेल तर पैसे वाचवा. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्र इथे पत्रकारितेचा पाया पक्का होतो. पुण्याच्याच एफटीआयआयच्या (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) टीव्ही विभागात दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी शिकता येतं. खेळाचे नियम मात्र तुमचे तुम्हालाच घोकावे लागतात.

आणि नजर फक्त माइकवर ठेवू नका. रिप्ले, ग्राफिक्स, आकडेवारी यांसाठीही माणसं लागतात. स्कोअररसाठी बीसीसीआयची परीक्षाही असते. तिथून समालोचन कक्षाची चांगली ओळख होते.

ऐन वेळी अडलं तर

नाव आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका. “उजवा मध्यरक्षक” म्हणा. चुकीचं नाव गेलं तर लगेच दुरुस्त करून पुढे चला. सामन्याआधी दोन्ही संघांकडून नावांचे उच्चार स्वतः विचारून घ्या. गावच्या स्पर्धेत आयोजक देणगीदारांच्या चिठ्ठ्या पुढे सरकवतात. ‘पाचशे एक रुपये’ षटक संपल्यावर वाचा, गोलंदाज धावत येत असताना नाही. काम मागताना समालोचनाचा नमुना पाठवाल, तर त्यात पार्श्वसंगीत नको, भराभर कापलेले षटकार नकोत. सलग तीन मिनिटं पाठवा, ज्यात दोन-तीन साधे, काहीच न घडलेले चेंडूही असतील.