रेड डॉट साईटची कसोटी: रेंजवर जाण्याआधीची तयारी

रेड डॉट साईट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारं रायफलवरचं उपकरण. ती आपटली, भिजवली, गोठवली आणि ठिपका तरी पेटतोय, म्हणून ती पास झाली असं धरू नका. ठिपका जिथे होता तिथेच राहिला का, हा खरा प्रश्न. याचं उत्तर मिळायचं तर सरकलं ते साईटमुळे सरकलं, की माउंट (साईट रायफलवर बसवायची पकड), रायफल, गोळ्या किंवा नेमबाज यांच्यामुळे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. बहुतेक तयारी त्यासाठीच आहे. पुढचे आकडे २ एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) ठिपक्याच्या, सीआर२०३२ सेलवर चालणाऱ्या, नळीच्या आकाराच्या छोट्या साईटसाठी आणि एआर धाटणीच्या ५.५६ रायफलसाठी आहेत. गोळीबार फक्त अधिकृत रेंजवर. बाकी सगळी कामं साईट रायफलवरून उतरवून, नाहीतर चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा असल्याचं दोनदा बघून करायची.

आधी गोळ्यांचा हिशोब करा. झिरो करायला (ठिपका आणि मारा जुळवायला) १५, मूळ नोंदीला २०, चौकोनी चाचणीला २५, रिकॉइल (गोळी सुटतानाचा धक्का) सोसण्याच्या चाचणीला २०० आणि गोठवणं, तापवणं, भिजवणं, आपटणं अशा प्रत्येक छळानंतर १० धरल्या तर साधारण ३५० गोळ्या लागतात. सगळ्या एकाच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या) घ्या. लॉट बदलला की मारा पडण्याची जागाही बदलू शकते, आणि दोष विनाकारण साईटवर येतो. अंतर ५० मीटर ठेवा. तिथे १ एमओए म्हणजे साधारण १.४५ सेंटिमीटर, तर ठिपका सरकवणाऱ्या स्क्रूची अर्ध्या एमओएची एक क्लिक म्हणजे ७ मिलिमीटर. १०० मीटरवर वारा जास्त लुडबूड करतो.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवर (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) निकाल देऊ नका, इथेच सर्वाधिक लोक फसतात. ज्या रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप ५० मीटरवर ४ सेंटिमीटरचा येतो, तिच्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपचे मध्यबिंदू काहीही न बिघडता सेंटिमीटरभर इकडेतिकडे पडू शकतात. म्हणून दर वेळी दहा गोळ्या मारा, प्रत्येक भोकाचं आडवं आणि उभं अंतर मोजून सरासरी काढा आणि त्या सरासरीचीच तुलना करा. मध्यबिंदू १.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला तरच संशय धरा, आणि लगेच आणखी दहा गोळ्यांनी खात्री करून घ्या. पुढची आणि मागची सँडबॅग, एकाच उंचीचं बेंच आणि एकच नेमबाज, एवढं ठरलेलं हवं.

माउंटवर वेळ घालवा. साईट खराब म्हणून परत जाते तेव्हा पुष्कळदा सैल झालेला असतो माउंटचा स्क्रू. पिकाटिनी रेलची (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीची) खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि माउंटचा आडवा दांडा तिच्यात थोडा सैल बसतो. त्यामुळे आवळण्याआधी माउंट रायफलच्या नळीच्या तोंडाकडे पूर्ण ढकला. नाहीतर पहिल्या काही गोळ्यांतच तो स्वतः सरकून बसेल. रेल आणि माउंटचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इंच-पाउंड दाखवणारा टॉर्क रेंच घ्या आणि माउंटच्या कागदावरचाच आकडा पाळा. हाताच्या अंदाजाने आवळलेला बारीक स्क्रू एकतर ढिला राहतो किंवा त्याचे आटे जातात. साईट आणि माउंट जोडणाऱ्या स्क्रूंना निळ्या लॉक्टाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून चोवीस तास सुकू द्या, म्हणजे हे काम आदल्या दिवशीच उरकायला हवं. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर पेंट मार्करने एक सलग रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे एका नजरेत कळतं.

सेल नवा घ्या आणि मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवतोय ना ते पाहा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सीआर२०३२ सेलवर कडू थर दिलेला असतो. त्याने संपर्क कच्चा होतो आणि गोळीच्या धक्क्याला ठिपका लुकलुकतो, म्हणून सेल अल्कोहोलने पुसून बसवा. बॅटरी किती टिकते याची चाचणी वर्षानुवर्षं घड्याळ लावून होत नाही. ती विद्युतप्रवाह मोजून होते. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास धरली, तर ५०,००० तासांच्या दाव्यासाठी साईटने साधारण ४.४ मायक्रोअँपिअरच ओढले पाहिजेत. दावा प्रकाशाच्या कुठल्या पायरीवर केला आहे ते वाचा आणि मीटर त्याच पायरीवर लावा. सगळ्यात प्रखर पायरीवर आकडा कितीतरी पट वाढतो, आणि भर उन्हात वापरायची तीच असते.

ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसला तर साईटला दोष देण्याआधी काचेतून फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढा. फोटोत गोल असेल तर दृष्टिवैषम्य आपल्या डोळ्यात आहे.

पॅरलॅक्ससाठी (डोळा हलला की ठिपका लक्ष्यावर किती सरकतो ते पाहायला) १ सेंटिमीटर चौकटींचा कागद २५ मीटरवर लावा, रायफल सँडबॅगवर पक्की करा आणि तिला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. २० मिलिमीटर काचेत डोळा अगदी कडेला नेला तर ठिपका १ सेंटिमीटरपर्यंत सरकणं हे भूमितीनेच ठरलेलं आहे, तो दोष नव्हे. २५ मीटरवर ते १.४ एमओए होतात, आणि अंतर वाढेल तसा तो कोन कमी होत जातो. यापेक्षा बराच जास्त सरकला, किंवा एकाच बाजूला उडी मारली, तर आतली काच किंवा एलईडी तिरका बसलेला आहे. चौकोनी चाचणी सोपी आहे: मधोमध पाच, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि शेवटच्या पाच पुन्हा पहिल्या पाचांवर पडल्या पाहिजेत. दर बाजू १४ ते १५ सेंटिमीटर भरते का तेही मोजा.

तापमानाची चाचणी अनेक जण गाळतात आणि ती गाळण्यासारखी नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये साईट बनवणारी ईओटेक आणि तिची तेव्हाची मूळ कंपनी एल-३ यांनी २.५६ कोटी डॉलर भरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली. थंडीत आणि दमट हवेत आपल्या होलोग्राफिक साईट सांगितल्याप्रमाणे काम करत नाहीत हे माहीत असूनही त्या विकल्या, असा सरकारचा आरोप होता. त्या साईटचं तंत्र वेगळं होतं, पण धातू, काच आणि त्यांना धरणारा गोंद वेगवेगळ्या मानाने आकसतात हे रेड डॉटलाही लागू आहे. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, साईट माउंटसकट चार तास ठेवा. बाहेर काढून व्हाइसमध्ये घट्ट धरलेल्या रेलच्या तुकड्यावर बसवा आणि मागे ट्रायपॉडवर फोन लावून ठिपका दूरच्या चौकटीच्या कागदावर दिसेल असं करा. मग कशालाही हात न लावता अर्धा तास दर पाच मिनिटांनी फोटो घ्या. साईट गरम होताना ठिपका चालत गेला तर तो साईटचाच दोष, कारण बाकी काही हललेलंच नाही. बाहेरून येणारं दव छोट्या पंख्याने उडवा, पुसायला जाऊ नका. उष्णतेसाठी उन्हात बंद केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड पुरतो, शेजारी थर्मामीटर ठेवा. ओव्हन नको, त्यात एक बाजू जास्त तापते.

पाण्यासाठी बादलीत ४० ते ४५ अंशांचं कोमट पाणी घ्या. आतला वायू प्रसरण पावतो आणि गळती बुडबुड्यांनी दिसते. टोप्यांच्या आट्यांतून निघणारे पहिले चारदोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. एकाच जागेहून धार लागली तर सील गेलं. बुडवण्याआधी सेलच्या टोपीखालची रबरी कडी चिरलेली किंवा दुमडलेली नाही ना ते बघा.

आपटण्याची चाचणी सर्वांत शेवटी, कारण तिच्यानंतर मागे जाता येत नाही. अमेरिकी लष्करी मानक ८१० मध्ये हातात वागवायच्या वस्तूंसाठी १२२ सेंटिमीटरवरून पाडायचं असतं, तीच उंची धरा. रायफल पाडू नका. तिच्याइतक्या वजनाच्या पोलादी दांड्यावर रेल बसवून त्यावर साईट लावा आणि काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर डाव्या, उजव्या आणि वरच्या बाजूने एकेकदा पाडा. दर पडीनंतर आधी पेंटच्या रेघा, मग ठिपका, मग रायफलवर बसवून दहा गोळ्या. उतरवून पुन्हा बसवण्यातच मध्यबिंदू किती सरकतो, हे आपटण्याआधी दोनदा करून लिहून ठेवलेलं असावं, त्यासाठी २० गोळ्या जादा घ्या. नाहीतर या सगळ्या नोंदींना आधार राहत नाही.

शेवटच्या पडीनंतर कोमट पाण्याची चाचणी पुन्हा करा, मग साईट कोरडी करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. धक्क्याने पडलेली बारीक चीर बुडबुडे दाखवेलच असं नाही. ती आतल्या काचेवर धुकं दाखवते, आणि ते धुकं बाहेरून पुसलं जात नाही.